रिपोर्ट फायलीत, विषाणू यकृतात

कॅन्सरचा रुग्ण वॉर्डात दाखल झाला की ‘व्हायरल मार्कर्स’साठी रक्त जातं : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. एचआयव्हीच्या चाचणीला माहिती देऊन घेतलेली संमती लागते, असा २०१७ चा कायदा आहे. ही संमती दाखल होतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी उरकली जाते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर कर्मचारी सावध होतात. पण खबरदारी प्रत्येकाच्याच रक्ताबाबत घ्यायची असते, मार्कर काहीही सांगोत. मग तपासणी नेमकी कुणासाठी? माझ्या मते आधी रुग्णासाठी, आणि तिथेच ती अर्धवट राहते.

हिपॅटायटिस बी बरी झाली तरी विषाणू यकृताच्या पेशींत दबा धरून बसतो. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. केमोमुळे, आणि विशेषतः लिम्फोमावरच्या रितुक्सिमॅबमुळे ही पकड सुटते. मग कावीळ होते, केमो थांबते, कधी यकृतच निकामी होतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१३ मध्ये या औषधावर चौकटीतला कडक इशारा छापायला लावला, तो याचसाठी.

गोम अशी की नेहमीच्या एचबीएसएजी चाचणीत हा दडलेला विषाणू सहसा सापडतच नाही. त्यासाठी पूर्वीच्या लागणीची खूण शोधणारी अँटी-एचबीसी चाचणी लागते. अमेरिकेत नव्याने निदान झालेल्या ३,०५१ कॅन्सररुग्णांची तपासणी झाली, तेव्हा ६.५ टक्के जणांना पूर्वी लागण होऊन गेल्याचं दिसलं. कर्करोगतज्ज्ञांची ‘अ‍ॅस्को’ ही संघटना २०२० पासून सगळ्यांच्याच हिपॅटायटिस बीच्या तीन चाचण्या करा म्हणते. रिपोर्टसाठी केमो अडवू नका, हेही सांगते. आपल्याकडे हिपॅटायटिस बीची लस सरकारी लसीकरणात आली ती २००२ नंतर, आणि देशभर पोचायला आणखी दशक गेलं. म्हणजे आज केमो घेणाऱ्या पन्नाशी-साठीच्या माणसांना ती लहानपणी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तरी हिपॅटायटिस बीसाठी चाचणी एकच, एचबीएसएजी. खर्चाचं कारण मला पटत नाही. केमोच्या बिलापुढे जादा चाचणीची रक्कम किरकोळ आहे.

उपायही साधा आहे : एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोज एक गोळी. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बीचे उपचार मोफत आहेत. पण रितुक्सिमॅब संपल्यावरही ही गोळी किमान वर्षभर चालू ठेवावी लागते. ‘केमो संपली, आता कशाला गोळ्या’ म्हणून गावी गेलेला माणूस ती बंद करतो. त्याला दोष कसा द्यायचा? डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख असते. गोळी कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची आणि कुणाला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हेही त्याच कार्डावर मराठीत लिहून द्यायला हवं.