जत्रेतली तालीम
राऊच्या टेकडीवरच्या आयआयएम इंदूरमधले विद्यार्थी ‘उत्साह’ नावाचा उपक्रम चालवतात. खेड्यातल्या जत्रेत खेळांचे मांडव टाकायचे आणि खेळता खेळता गावकऱ्यांची आवडनिवड टिपून घ्यायची, असं त्याचं स्वरूप. खेळ हे सोंग, बाजारपाहणी हे खरं काम. ही पाहणी करवून घेणाऱ्या कंपनीला हवी असते चोख माहिती आणि जत्रेला आलेल्या माळव्यातल्या आजीबाईंना हवी असते गंमत. दोघांनाही एकाच वेळी राजी राखायचं, तेही वर्गमित्रांकडून काम करवून घेत! इथे ना कुणाचा पगार कापता येतो, ना कुणाला बढती देता येते. रात्री शेजारच्या खोलीत गप्पा मारणाऱ्याला सकाळी काम सांगायचं, तर शब्द जपून वापरावा लागतो आणि मांडवाचा बांबू आधी स्वतः धरावा लागतो. केस स्टडीत हे सापडत नाही. अर्थात, अशा उपक्रमातल्या पदांचं बायोडेटात वजन पडतं, हेही इच्छुकांना ठाऊक असतंच. त्यात वावगं काही नाही. इंदूरच्याच देवी अहिल्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हीच तालीम राष्ट्रीय सेवा योजना देते, आणि तीही बिनबोभाट: वर्षाला १२० तासांचं काम, शिवाय सात दिवसांचं शिबिर. १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या या योजनेच्या शिबिरात स्वयंपाकाला उशीर झाला, की पहिला जाब विद्यार्थी गटनायकालाच. मध्य प्रदेशात विद्यार्थी निवडणुका अनेक वर्षं बंदच राहिल्या. त्यामुळे पुढारपण शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना मतपेटीआधी भेटतो तो हा शिबिराचा मुदपाकखाना.