मिशन रविवारची हाक

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. वसईच्या वाड्यावाड्यांतून दिवेलागणीला कुटुंबे एकत्र बसतात, शेतात पिवळे झालेले भात कापणीची वाट पाहत असते, आणि महिना सरत आला की शेवटून दुसऱ्या रविवारी मिस्सेत धर्मगुरू आपल्याला मिशनकार्याची आठवण करून देतात. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा जागतिक मिशन रविवार नेमून दिला. तेव्हापासून या दिवशी जगभरच्या कॅथलिक चर्चमधून गोळा होणारे दान एकत्र केले जाते आणि जिथे ख्रिस्तसभा अजून कोवळी आहे, गरीब आहे, तिथे ते पोहोचते. आपणही यथाशक्ती पाकीट भरतो, दानपेटीत टाकतो आणि समाधानाने घरी परततो. ते दान मोलाचेच आहे. पण पाकीट टाकले की आपला वाटा उचलून झाला, अशी एक समजूत आपल्या मनात नकळत घर करून बसली आहे. तिच्याकडे या रविवारच्या निमित्ताने आपण नीट पाहायला हवे.

या दानाच्या मुळाशी एक तरुण मुलगी आहे. फ्रान्समधील लियों हे रेशमाचे शहर. तिथल्या एका सधन घरात १७९९ साली पॉलीन जारिको जन्मली. सुखवस्तू आयुष्य बाजूला सारून ती रेशीम कारखान्यांतल्या कामकरी मुलींमध्ये मिसळली आणि दूरदेशी शुभवर्तमान सांगणाऱ्यांना हातभार लागावा म्हणून तिने एक साधी रीत बसवली. प्रत्येकीने आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणे, द्यायचे. रोज मिशनसाठी प्रार्थना करायची. आणि अशा दहाजणी जमवायच्या. दहाचे शंभर झाले, शंभराचे हजार झाले, आणि १८२२ साली त्यातून श्रद्धाप्रसाराची जी संस्था उभी राहिली, तिचे काम आजही रोमच्या छत्राखाली चालू आहे. आपल्या ध्यानात राहते ते नाणे. पण दहाजणी जमवायच्या म्हणजे दहा दारांशी उभे राहायचे, आपला विश्वास कशावर आहे आणि तो इतरांपर्यंत का पोहोचावा, हे आपल्याच तोंडाने सांगायचे. देणारी प्रत्येकजण अशी सांगणारीही होत गेली. दिवसभर यंत्रापाशी राबणाऱ्या त्या मुलींना धर्मशास्त्राचे शिक्षण कुणी दिले होते? स्वतः पॉलीन १८६२ च्या जानेवारीत कर्जाच्या ओझ्याखाली, दारिद्र्यात गेली. तिला धन्यवादित घोषित व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

ती गेली त्याच वर्षी जून महिन्यात आपल्या वसईच्या सुपुत्राला संतपद मिळाले. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, किल्ल्यातल्या येशूसंघीयांच्या हाताखाली शिकला, पुढे जपानला गेला, तिथली भाषा शिकला आणि व्यापारात स्थिरावला. नंतर हे सारे सोडून तो फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला. त्याला कधीही गुरुदीक्षा मिळाली नव्हती. जपानी भाषा जाणणारा म्हणून तो आपल्या संघबांधवांचा दुभाषा झाला, त्यांचे बोल जपानी माणसांपर्यंत नेत राहिला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सोबत्यांसह त्याला क्रुसावर देहदंड झाला. बाजारपेठेत कमावलेली भाषा त्याने प्रभूच्या कामी लावली. आपल्यातला कुणी शिक्षक आहे, कुणी शेतकरी, कुणी परिचारिका, कुणी रोज लोकलने मुंबई गाठणारा कारकून. ज्याचे त्याचे कसब आणि ज्याची त्याची माणसे वेगळी, आणि हाक मात्र सगळ्यांना एकच.

१५४२ साली गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर रस्त्यांतून घंटा वाजवत मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करत. ते मिशनकार्याचे आश्रयदाते आहेत, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. परंतु १९२७ साली त्यांच्या बरोबरीने हाच मान लिझ्यूच्या संत तेरेझा यांना दिला गेला. पंधराव्या वर्षी त्या मठात गेल्या आणि चोविसाव्या वर्षी त्याच मठात वारल्या. मिशनच्या भूमीवर त्यांनी कधी पाऊलही ठेवले नाही. ज्यांना आजारपणाने, वयाने वा संसाराने उंबऱ्याआड ठेवले आहे, त्यांनी हे मुद्दाम आठवावे.

श्रद्धा सांगायची ती कशी, हेही स्पष्ट असावे. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिशनकार्याविषयीचा जो आदेश प्रसिद्ध केला, त्यात कुणावर श्रद्धेची सक्ती करायला आणि कुणाला गैरमार्गाने भुलवून ओढायला साफ मनाई आहे. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, तोही सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याला जोडूनच. समोरच्याचे मन हे पवित्र स्थान आहे. तिथे परवानगीवाचून शिरायचे नसते. मात्र या आदराच्या आड आपला संकोच लपत तर नाही ना, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. दिवाळीत शेजारून फराळाचे ताट येते, नाताळात आपल्या घरून जाते. अशा वेळी शेजारी आपुलकीने विचारतो, ‘तुमच्या नाताळात नेमके काय असते?’ आपण गोठा दाखवतो, केक पुढे करतो, मध्यरात्रीच्या मिस्सेचे वर्णन करतो आणि येशूचे नाव सोडून बाकी सारे सांगतो. विचारणाऱ्याने दार उघडलेले असते. आपणच बाहेर थांबतो. हा आदर नव्हे, ही भीड आहे, आणि ती आपल्याला पुढल्या पिढीकडूनही परत मिळते, कारण आईवडिलांच्या तोंडून जे कधी ऐकले नाही ते मुले इतरांना कुठून सांगणार?

तेव्हा या रविवारी पाकीट जरूर भरा, थोडे अधिकच भरा. संध्याकाळी जपमाळ झाल्यावर मुलांना गोन्सालोची आणि पॉलीनची गोष्ट सांगा. आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याने नाताळाविषयी विचारले, तर येशू तुम्हाला कोण आहे, ते तुमच्या घरच्या बोलीत, दोन वाक्यांत का होईना, सांगा.