चुका वेचणारे रसिक

आल्फ्रेड हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' ह्या १९५९ सालच्या हेरपटाचा विषय निघाला, की हल्ली एक तरी विद्वान हटकून पुढे सरसावतो. "तो कानांत बोटे घालणारा मुलगा पाहिलात का?" न पाहणारा बिचारा ओशाळतो, विद्वानाची छाती फुगते.

मुलगा आहे, हे खरेच. माउंट रशमोरच्या उपाहारगृहात ईव्ह ही नायिका थॉर्नहिलवर, म्हणजे नायकावर, पिस्तूल झाडते. मागे टेबलाशी बसलेला पोरगा बार उडण्याच्या अगोदरच कानांत बोटे घालून मोकळा! तालमीत त्याने तो दणका ऐकला असावा. ही चूकच, आणि हिचकॉकने ती मुद्दाम ठेवली म्हणणाऱ्या भक्तांना माझा दुरूनच दंडवत. पुढे काय घडणार हे पात्राला आधीच ठाऊक असणे, हा कथेतला खरा गुन्हा. कादंबरी लिहिणाऱ्याला त्याची केवढी धास्ती असते!

पण आमच्या विद्वानांच्या टोपलीत खडे नि माणके एकाच भावाने पडतात. नायकाची आई झालेली जेसी रॉइस लँडिस केरी ग्रँटहून जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी, मांडली चूक. विमान नायकाच्या अंगावर येते ते माळरान कथेत इंडियानातले, चित्रणात कॅलिफोर्नियातले, मांडली चूक. होकायंत्राच्या ३२ दिशांत 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' नावाची दिशाच नाही, ही तर महाचूक! अहो, भलत्याच माणसाच्या नावाने पळत सुटलेल्या गृहस्थाच्या गोष्टीला नसलेल्या दिशेचे नाव दिले, तर बिघडले कुठे?

संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात चित्रणाला परवानगी मिळाली नाही. तेव्हा रस्त्यापलीकडच्या गाडीत कॅमेरा लपवून ग्रँटला इमारतीत शिरताना टिपले, आणि आतले दालन स्टुडिओत उभारले. डोंगरात कोरलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्यांवरची ती जीवघेणी झटापटही स्टुडिओतल्या प्रतिकृतीवरच झाली. ह्याला लबाडी म्हणायचे असेल, तर रंगभूमीवरच्या रंगवलेल्या पडद्यांवरही खटला भरा.

माझा राग मात्र निराळाच आहे. दिवाळीत चार माणसे जमून चित्रपट लावतात, आणि हे गृहस्थ नेमके त्याच जागी चित्र थांबवतात. आजीपासून नातवापर्यंत सारे घर त्या पोराच्या बोटांकडे पाहू लागते. ईव्हच्या चेहऱ्याकडे कोण पाहणार? (चित्रपट पाहिला नसेल त्याने येथेच थांबावे.) जिच्यावर हेरांचा म्होरक्या व्हॅनडॅम डोळा ठेवून आहे, तिने आपल्या आवडत्या माणसावर गोळी झाडायची आणि ती खरी वाटायला हवी! पिस्तुलातले बार पोकळ आहेत, हे आपल्याला मागाहून कळते. म्हणजे सारा प्रसंगच नाटकातले नाटक. इव्हा मारी सेंट ते दुहेरी सोंग कसे वठवते, हे दुसऱ्यांदा पाहताना उमगते; पण दुसऱ्यांदा पाहण्याआधीच ह्यांनी पोराकडे बोट दाखवलेले असते.

गंमत अशी, की चित्रपटातच एक चूक शोधणारा आहे. व्हॅनडॅमचा हस्तक लेनर्ड. मार्टिन लँडाऊने तो झकास रंगवला आहे. त्याचा सारा संशय ईव्हवर खिळलेला. तिचेच पिस्तूल तो हुडकून काढतो आणि धन्यावर झाडतो. दणका होतो, धनी धडधाकट! बनाव उघडा पडतो, आणि बक्षीस म्हणून लेनर्डला धन्याचा सणसणीत ठोसा मिळतो.