चिखलातलं स्टेशन

दोस्तांनो, समुद्रकिनाऱ्यावर तुरुतुरु पळणारे पक्षी पाहायचे असतील तर कुठे जाल? “हा काय प्रश्न झाला? समुद्रावर!” असंच म्हणाल ना? पण आज आपण जाणार आहोत अशा जागी, जिथून समुद्र सुमारे हजार किलोमीटर लांब आहे. आणि तरीही वसंत ऋतूत तिथे या पक्ष्यांची जत्रा भरते!

ही जागा आहे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात. नाव शायान बॉटम्स. भोवती प्रेअरी, म्हणजे पूर्वी नजर पोहोचेल तिथवर गवतच असलेला आणि आता बराचसा नांगरला गेलेला सपाट मुलूख. त्यात सुमारे ४१ हजार एकरांचा एक उथळ, खोलगट भाग. पावसाचं, ओढ्यांचं आणि कालव्यांचं पाणी तिथे साचतं, काठाला चिखल होतो. वरवर पाहिलं तर नुसती दलदल. पण १९८८ साली हिची नोंद जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाली. का बरं?

व्हाइट-रम्प्ड सँडपायपर नावाचा चिमणीपेक्षा थोडा मोठा पक्षी घ्या. आपल्या तुतवाराचाच हा भाऊबंद. तो हिवाळा काढतो दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाकडे आणि अंडी घालतो कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेत. एका बाजूचा प्रवास १३ हजार किलोमीटरच्या घरात! एवढं उडायचं तर पोटात इंधन नको? ते मिळतं या चिखलात. तिथे डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या लालभडक अळ्या असतात. त्या खाऊन पक्षी अंगात चरबी साठवतो आणि पुढची झेप घेतो. म्हणजे हे झालं त्याचं जेवणाचं स्टेशन.

पंगतीत भांडण नाही, बरं का! आखूड चोचीचा किलडीअर वरवरचे किडे टिपतो. हा आपल्या टिटवीचा नातेवाईक, आणि तिच्यासारखंच त्याचंही नाव त्याच्या ओरडण्यावरून पडलंय. लांब चोचीचा डाउइचर शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात खुपसतो. फॅलरोप तर पाण्यावर भिंगरीसारखा गरगर फिरतो आणि खालचं खाणं वर आणतो!

आता मुद्द्याचं सांगतो. अंडी घालायची जागा जपली, हिवाळ्याची जागा जपली, पण मधलं स्टेशनच बंद पडलं तर? दुष्काळात शायान बॉटम्स कोरडं पडतं, तेव्हा उपाशी पाहुण्यांना दुसरं पाणी शोधावं लागतं. पूर्वी याच प्रेअरीवर वसंतात एस्किमो कर्ल्यूचे थवेच्या थवे उतरत. लोकांनी बंदुकीने त्यांची कत्तल केली, गवत नांगरलं, तिथले टोळही संपले. १९६२ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर या पक्ष्याचे फोटो काढले गेले, १९६३ मध्ये बार्बाडोस बेटावर एक मारला गेला. त्यानंतर त्याची खात्रीची नोंद नाही.

आपल्याकडेही अशी स्टेशनं आहेत हं! उजनी धरणाचं पाणी ओसरलं की भिगवणजवळ चिखल उघडा पडतो. दूर उत्तरेकडून आलेले छोटे टिलवे तिथे चरतात आणि वसंतात परत जातात.

तेव्हा मार्चच्या एखाद्या सकाळी आई-बाबांना घेऊन जवळच्या तळ्याच्या काठी जा. सूर्य पाठीशी ठेवा, गप्प बसा. चोच केवढी, पायांचा रंग कोणता, पक्षी टिपतो की खुपसतो, हे तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा जा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहा. आणि कुणी म्हणालं, “या घाणेरड्या चिखलात भराव टाकून टाकू या,” तर ती वही त्यांच्यापुढे उघडा!