अर्ध्यावरची संख्या कोणीकडे?

चंडीगढच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेचे आवार आहे. १९५९ साली दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था १९६२ साली तेथे गेली. उपकरणे घडविणाऱ्या व पारखणाऱ्या संस्थेत संख्येचा शेवटचा अंक ही क्षुल्लक बाब नसते. हजार मापनांत चूक दर वेळी एकाच बाजूला झुकली, तर सरासरी घेऊनही ती निघून जात नाही.

२·३ चे २ होतात आणि २·७ चे ३. याविषयी वाद नाही. वाद आहे तो २·५ पुरता, कारण ही संख्या दोघांपासून सारखीच दूर आहे. 'पाच आले की वर चढवा' हा प्राथमिक शाळेतील नियम सोपा खरा, पण तो निःपक्षपाती नाही.

याचा प्रत्यय आपल्या देशाला १९५७ साली आला. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत; म्हणून दोन, सहा, दहा व चौदा आणे यांची किंमत अनुक्रमे १२·५, ३७·५, ६२·५ व ८७·५ नवे पैसे येई, म्हणजे नेमकी अर्ध्यावर. दोन्हीकडील अंतर सारखे असेल तेथे खालचा आकडा धरावा, असे कायद्याने ठरविले होते. त्याप्रमाणे १२, ३७, ६२ व ८७ यांची बेरीज १९८ होते; खरी बेरीज २००. वर चढवावे तर २०२! एकीकडे घेणारा दोन पैशांना बुडतो, दुसरीकडे देणारा.

आता तिसरी रीत पाहा. अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे न्यावी. मग १२, ३८, ६२, ८८, आणि बेरीज बरोबर २००. दोन वेळा खाली, दोन वेळा वर. सम अंकच का? एक कारण असे की, पुढे दोहोंनी भागण्याचा प्रसंग आला तर नवा अर्धा उरत नाही. मात्र सम व विषम अंक साधारण सारख्याच वेळा येत असतील तेथेच हा तोल साधतो, हे विसरता कामा नये.

भारतीय मानक संस्थेच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मानकात, १९६० सालच्या सुधारित आवृत्तीत, हीच रीत सांगितली आहे. संगणकांच्या द्विमान चल-बिंदू गणितासाठी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या ७५४ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या मानकानेही नेहमीची पद्धत म्हणून तीच स्वीकारली. संगणकाची आणखी एक गंमत आहे. तो बहुधा द्विमान पद्धतीत मोजतो, आणि २·६७५ ही संख्या त्या पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. साठविली जाते ती किंचित कमी. म्हणून दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर २·६७ येते. विद्यार्थ्याला वाटते यंत्र चुकले; वास्तविक ती संख्या अर्ध्यावर नव्हतीच.

व्यवहारात वेगळा नियम असण्यास आमची हरकत नाही. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यात पन्नास पैसे किंवा अधिक असल्यास पूर्ण रुपया धरतात. कोणालाही तो ताबडतोब पडताळता येतो, हा त्याचा गुण. हरकत आहे ती शाळेतील मौनाला. लहानपणी एक नियम घोटून घ्यावयाचा आणि अकरावीच्या भौतिकशास्त्रात, २·७४५ चे २·७४ व २·७३५ चेही २·७४, असा दुसराच पुढे करावयाचा, हे बरे नव्हे. मुलाला पहिला नियम खोटा वाटतो किंवा दुसरा लहरी. त्याऐवजी आण्यांचे ते चार आकडे फळ्यावर मांडावेत व बेरीज त्यालाच करू द्यावी. दहा मिनिटांचे काम आहे.

त्याच तासाला आणखी एक सावधगिरी सांगता येईल. पूर्णांकन एकदाच करावे, टप्प्याटप्प्याने नव्हे. २·३४६ चे एका दशांश स्थळापर्यंत २·३ होतात. परंतु आधी २·३५ करून मग पुढे गेल्यास, जुन्या नियमाने काय किंवा सम अंकाच्या नियमाने काय, २·४ हातात पडतात.