निरभ्र आकाशाखाली ढगांचा सराव

चँडलर (ॲरिझोना) : फिनिक्स महानगराच्या आग्नेयेस वसलेले चँडलर परदेशस्थ मराठी वाचकांना ठाऊक आहे ते इंटेलच्या कारखान्यांमुळे. या शहराचा दुसरा, तुलनेने अपरिचित व्यवसाय म्हणजे विमानचालनाचे शिक्षण. चँडलरच्या नगरपालिका विमानतळावरील दोन समांतर धावपट्ट्यांवर दिवसभर प्रशिक्षणाची लहान विमाने चढत-उतरत असतात. शेजारच्या मेसा, गुडइयर आणि डिअर व्हॅली येथेही तेच दृश्य दिसते. व्यावसायिक परवान्यासाठी भारतीय नियमांप्रमाणे लागणारे २०० तासांचे उड्डाण लवकर पूर्ण व्हावे, म्हणून कर्ज काढून येथे येणाऱ्या तरुणांत मराठी मुले-मुलीही असतात. वर्षातील बहुतेक दिवस आकाश स्वच्छ असल्याने येथे उड्डाणे क्वचितच रद्द होतात.

मात्र हेच स्वच्छ आकाश प्रशिक्षणाच्या एका टप्प्यावर अडचणीचे ठरते. इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे बाहेरचे काहीही दिसत नसताना केवळ उपकरणांच्या आधारे विमान धावपट्टीपर्यंत आणण्याची पात्रता. अमेरिकी नियमांनुसार त्यासाठी ४० तासांचा सराव लागतो; परंतु तो प्रत्यक्ष ढगांतच व्हावा, असे बंधन नाही. डोळ्यांवर झापड लावून, केवळ उपकरणफलक दिसेल अशा अवस्थेत केलेले उड्डाणही ग्राह्य धरले जाते. हिवाळ्यात ॲरिझोनाच्या उत्तरेकडील डोंगरांवर ढग येतात, तेव्हा लहान विमानांना बर्फ साचण्याचा धोका असतो. उन्हाळ्यातील ढग गडगडाटी वादळांचे आणि धुळीच्या लोटांचे. दोन्ही प्रकारचे ढग शिकाऊ वैमानिकाने टाळावेत असेच. परिणामी ढगात जवळजवळ न शिरताच ढगांत उडण्याची पात्रता मिळू शकते. म्हणूनच सरावासाठी कोणते ॲप्रोच निवडले जातात, हा प्रश्न येथे अन्य ठिकाणांपेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

अवघड म्हणजे नेमके काय?

चँडलरच्या दक्षिणेस कासा ग्रांदे येथे आयएलएस ही उपकरणाधारित अवतरणाची सोय आहे. जवळच स्टॅनफिल्डचे रेडिओ दिशादर्शक केंद्र असून तेथे प्रशिक्षण विमाने वेगवेगळ्या उंचीवर घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहतात. परिसरातील बहुतेक विद्यार्थ्यांचे हे ठरलेले ठिकाण. आयएलएस शिकण्यास ते योग्यच. मात्र दहाव्या-बाराव्या खेपेस विद्यार्थ्याला तेथील उंची, दिशा आणि फ्रिक्वेन्सी तोंडपाठ झालेल्या असतात. तो नकाशा वाचत नाही, आठवतो. पाठांतराने परीक्षा उत्तीर्ण होता येते. अनोळखी विमानतळावर मात्र ते उपयोगी पडत नाही.

अवघड ॲप्रोच म्हणजे भीतिदायक ॲप्रोच नव्हे. प्रत्येक अडचण एक निश्चित कौशल्य तपासते. दिशादर्शक केंद्रापासून ठरावीक अंतर राखून वर्तुळाकार मार्गाने येताना वाऱ्याचा अंदाज पक्का लागतो. पायऱ्यापायऱ्यांनी उंची कमी करण्याच्या जुन्या पद्धतीत एक पायरी चुकली, तर डोंगर जवळ येतो. तेथे शिस्त तपासली जाते. एका धावपट्टीच्या दिशेने खाली येऊन दुसऱ्या धावपट्टीवर वळून उतरणे, म्हणजेच सर्कलिंग, हे तर अनुभवी वैमानिकांनाही भोवले आहे. कोलोरॅडोतील डोंगरांनी वेढलेल्या ॲस्पेन येथे २९ मार्च २००१ च्या संध्याकाळी असे अवतरण करू पाहणारे गल्फस्ट्रीम विमान कोसळून त्यातील सर्व १८ जण मृत्युमुखी पडले. तेव्हा ‘अवघड काय?’ या प्रश्नापेक्षा ‘या विद्यार्थ्याचे कोणते कौशल्य कच्चे आहे?’ हा प्रश्न प्रशिक्षकाने आधी विचारायला हवा.

टेबलटॉपचे धडे

चँडलरहून लहान विमानाने सहज गाठता येईल अशा अंतरावर सेडोना आहे. समुद्रसपाटीपासून ४,८३० फुटांवर, सपाट माथ्याच्या टेकडीवर बांधलेली ही धावपट्टी ५,१३२ फूट लांब आहे. एका बाजूने उतरताना चढ लागतो आणि कडेला जमीन एकदम खाली जाते. त्यामुळे धावपट्टी जवळ आहे की दूर, आपण उंच आहोत की खाली, याबाबत डोळे फसतात. भारतीय वाचकाला येथे मंगळूर आणि कोळिकोड आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

२२ मे २०१० रोजी मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान दरीत कोसळले आणि १५८ जणांचे प्राण गेले. ७ ऑगस्ट २०२० रोजी त्याच कंपनीचे विमान मुसळधार पावसात कोळिकोडच्या धावपट्टीपलीकडे गेले. २१ मृतांमध्ये विमानाचे कप्तान दीपक साठे हेही होते. मराठी घरातले, हवाई दलात लढाऊ विमाने चालवलेले, प्रदीर्घ अनुभवाचे वैमानिक. पहिला प्रयत्न सोडून ते दुसऱ्या दिशेने उतरू पाहत होते. वारा पाठीमागून होता आणि त्यांच्या बाजूच्या काचेवरील वायपर पहिल्या प्रयत्नात बंद पडला होता. अधिकृत चौकशी अहवालानुसार ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फुटांपाशी टेकले. दोन्ही अपघातांत सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याचा इशारा दिला होता, तरीही अवतरण चालूच राहिले.

अनुभवी हातांनाही पावसाळी रात्री सर्वांत कठीण जाते ते विमान हाताळणे नव्हे, तर उतरण्याचा बेत वेळीच सोडणे, हे या अपघातांतून दिसते.

धावपट्टी न दिसण्याचा सराव

झापड लावून होणाऱ्या प्रशिक्षणातील मोठी उणीव नेमकी येथे आहे. ठरलेल्या किमान उंचीवर प्रशिक्षक झापड काढायला सांगतो आणि लख्ख उन्हात धावपट्टी समोर उभी असते. शंभर वेळा असे घडले की धावपट्टी दिसणारच, हा समज मनात घट्ट होतो. म्हणून काही खेपांत प्रशिक्षकाने झापड काढूच देऊ नये. कधी धावपट्टी क्षणभर दाखवून पुन्हा झाकावी. कधी वेग किंवा उंची मर्यादेबाहेर गेली असता स्वतः काही न बोलता विद्यार्थी काय ठरवतो ते पाहावे. पुढे मोठ्या विमानात हाच विद्यार्थी प्रथम उजव्या आसनावर बसणार आहे. वयाने आणि हुद्द्याने मोठ्या कप्तानाला ‘सर, गो-अराउंड’ असे ठणकावून सांगण्याची आणि गरज पडल्यास ताबा घेण्याची सवयही प्रशिक्षणातच लागावी लागते. ज्येष्ठांपुढे गप्प राहण्याचे संस्कार घेऊन आलेल्या मुलांना हा धडा विशेष अवघड जातो.

कठीण सरावालाही मर्यादा हव्यात. चँडलरचे आकाश गजबजलेले आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी या विमानतळाजवळ एक लहान विमान आणि एक हेलिकॉप्टर यांची हवेत टक्कर होऊन हेलिकॉप्टरमधील दोघांचा मृत्यू झाला. विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर झापड असते तेव्हा बाहेर लक्ष ठेवण्याची संपूर्ण जबाबदारी शेजारच्या व्यक्तीवर येते. त्यात उन्हाळ्यातील चाळिशीपार तापमानाने हवा विरळ होते आणि उंचावरील धावपट्टीवर लहान विमानाची चढण्याची ताकद घटते. अवघड ॲप्रोच आधी सिम्युलेटरवर, मग सकाळच्या थंड हवेत आणि एका वेळी एकच नवी अडचण घेऊन करावा, हे शहाणपणाचे.

खर्चाचा मुद्दाही डावलता येत नाही. सेडोना किंवा प्रेस्कॉटपर्यंतच्या प्रत्येक फेरीचे तास विद्यार्थ्याच्या कर्जात भर घालतात; त्यामुळे जवळच्याच धावपट्टीवर संख्या पूर्ण करण्याचा मोह शाळा आणि विद्यार्थी दोघांनाही होतो. परंतु नियमांनुसार २५० सागरी मैलांचे एक उड्डाण तीन वेगवेगळ्या प्रकारच्या ॲप्रोचसह करावेच लागते. तेच विचारपूर्वक आखले, तर अतिरिक्त खर्चाविना अनोळखी विमानतळ पदरात पडतात.

महाराष्ट्रातही गोंदिया आणि बारामती येथे वैमानिक घडत आहेत, तर अमरावतीत एअर इंडियाने मोठ्या अकादमीची आखणी केली आहे. एप्रिल २०२२ मध्ये किशनगढ येथे इंडिगोचे विमान ‘गगन’ या भारतीय उपग्रह प्रणालीच्या साह्याने उतरले. त्यामुळे लहान विमानतळांवरही अचूक मार्गदर्शन मिळण्याची शक्यता वाढली आहे. तंत्र सुधारेल, पण जुलैतील कोकणचा पाऊस तोच राहील. मुलांना चँडलरला पाठवणाऱ्या पालकांनी शाळेला किती दिवसांत परवाना मिळेल एवढेच विचारून थांबू नये. किती वेगवेगळ्या विमानतळांवर ॲप्रोच होतील, प्रत्यक्ष ढगांत किती तास मिळतील आणि किती वेळा न उतरता परत फिरण्याचा सराव होईल, हेही विचारावे.