उतारशाळेतली दोन नाणी

सप्टेंबर सरत आला की आमच्या लातूरकडे बायकांच्या बोलण्यात किल्लारी येतेच. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र संपत आलेली आणि पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. मग मदतीचा पूर आला. आमच्या गल्लीतूनही गोण्या भरून लुगडी गेली, भाकरी गेल्या. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण गल्लीची ती वर्गणी जेमतेम दिवाळीपर्यंत टिकली. ज्या बाईचं सगळं घरच गेलं, तिच्यापुढे तर अख्खं आयुष्य पडलेलं होतं!

बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुष्कळजणींना माहीत असेल. वाटेत लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस, त्याला बघून बाजूने निघून गेलेले धर्माचे जाणकार आणि थांबला तो कोण, तर ज्याला तिथले लोक कमी लेखत तो शोमरोनी. जखमांना तेल लावलं, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. इथवर सगळे सांगतात. मला मोठा वाटतो तो दुसऱ्या दिवसाचा हिशेब. त्याने उतारशाळेवाल्याच्या हातावर दोन नाणी ठेवली आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं सांगून तो गेला. म्हणजे तो परत येणार होता.

असं राहिलेलं एक जोडपं आपल्या शेजारीच होऊन गेलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघंही ख्रिस्ती, वेल्लोरला डॉक्टरी शिकलेले. मोठ्या शहरात बंगला बांधता आला असता. ते १९७० मध्ये जामखेडला आले, नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी कोपऱ्यात. आल्या आल्या औषधं वाटत सुटले नाहीत. आधी लोकांना विचारलं. लोक म्हणाले, पाणी आणि पोटाला अन्न. मग पाण्यासाठी कूपनलिका घेतल्या, त्याही दलित वस्तीत! पाणी हवं तर सगळ्या गावाने तिकडे जायचं. गरिबाची कणव आणि डोकं, दोन्ही एका जागी असली की असं होतं बघा.

नर्सबाई खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, काही दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या बाळंतपणं करू लागल्या, जुलाब झालेल्या लेकराला मीठसाखरेचं पाणी पाजायला आयांना शिकवू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. काम मात्र थांबलं नाही.

मिशनवाले करतात ते धर्मासाठी, असं आपल्याकडे पटकन बोललं जातं. ख्रिस्तावरच्या श्रद्धेतूनच ते आले होते, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण ज्या बाईला गाव दारात उभं करत नव्हतं, तिच्या हातात गावाचं आरोग्य दिलं त्यांनी. नुसती नावं ठेवणाऱ्यांनी तिच्यासाठी काय केलं, हेही एकदा विचारावं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. दोन दिवस टीव्हीवर तेच. औषधं, माणसं, खाटा हे सरकारने द्यायलाच हवं आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पण लांबून आलेली बाळंतीण वॉर्डात आणि तिची सासू बाहेर फरशीवर बसलेली, हे चित्र तर नांदेडला काय, लातूरला काय, रोजचंच. त्या सासूला कुठली खिडकी, कुठला कागद, काही कळत नाही. साहेबाला विचारायची भीती वाटते.

आपल्या भिशीत दहाबाराजणी असतातच की. आठवड्यातून एक दुपार वाटून घेतली तर? केसपेपर वाचून दाखवायचा, डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या बोलीत सांगायचं, आंघोळीची सोय कुठे आहे ते दाखवायचं. डबा नेला तर उत्तमच. पण निघताना तिला विचारा, ‘मावशी, परवा काय आणू?’ आणि परवा जा.